सूर्य उजव्या हाताला

प्रश्न : मुलाच्या शाळेच्या प्रकल्पासाठी वाचताना कळलं, की फिनिशियन खलाशांनी वास्को द गामाच्या दोन हजार वर्षं आधी आफ्रिकेला पूर्ण वळसा घातला होता. ही थाप तर नाही ना?
— एक पालक, मुलुंड

उत्तर : थाप आहे असं खुद्द गोष्ट सांगणाऱ्यालाच वाटलं होतं, आणि मजा तिथेच आहे.

फिनिशियन म्हणजे आजच्या लेबनॉनच्या किनारपट्टीवरचे, टायर, सिडॉन, बिब्लॉस या बंदरांतले लोक. 'फिनिशियन' हे नाव ग्रीकांनी दिलेलं. ते स्वतःला आपापल्या शहराच्या नावाने ओळखत. मागे डोंगर, पुढे समुद्र, शेतीला जेमतेम चिंचोळी पट्टी. मात्र डोंगरावर देवदाराची जंगलं. मग जहाजं बांधण्यावाचून करणार काय? फळीच्या कडेला खाच, दोन फळ्यांच्या खाचांत मिळून एक लाकडी पट्टी, आणि ती हलू नये म्हणून आरपार खुंटी. या सांध्याला रोमन लोक पुढे 'प्युनिक सांधा' म्हणू लागले. प्युनिक म्हणजे फिनिशियनच, त्यातही रोमशी लढलेले कार्थेजचे. शत्रूच्या कारागिरीला शत्रूचंच नाव दिलं, याहून मोठं प्रशस्तिपत्र कुठलं!

आता तुमचा वळसा. प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो, की इजिप्तचा राजा नेको याने इ. स. पू. ६००च्या सुमारास फिनिशियन खलाशांना तांबड्या समुद्रातून दक्षिणेकडे धाडलं. शरद ऋतू आला की ते किनाऱ्याला लागायचे, धान्य पेरायचे, पीक कापून पुन्हा शिडं उभारायचे. तिसऱ्या वर्षी जिब्राल्टरमधून भूमध्य समुद्रात शिरून ते इजिप्तला परतले. पेरणीसाठी थांबणं मला अजिबात खटकत नाही. आपले कोळी नाही का नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवत? आफ्रिकेचा किनारा सुमारे ३०,००० किलोमीटर. दिवसाला ५० किलोमीटर धरले तर ६०० दिवस. दोन पिकांचे मुक्काम जोडले तरी हिशेब तीन वर्षांत बसतो.

हिरोडोटसला खटकलं ते वेगळंच. आफ्रिकेला वळसा घालताना सूर्य आमच्या उजव्या हाताला होता, असं ते खलाशी म्हणाले. हे मला तरी पटत नाही, दुसऱ्या कुणाला पटायचं तर पटो, असं त्याने लिहून ठेवलं. दक्षिण टोकाशी जहाज पश्चिमेकडे चाललं की उजवा हात उत्तरेला. म्हणजे भर दुपारी सूर्य उत्तरेला! ग्रीसमध्ये जन्म काढला तरी हे दृश्य दिसायचं नाही.

मला ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा शिव्या बसल्या होत्या. जहाजावर कॅडेट, म्हणजे शिकाऊ अधिकारी होतो. तोवरच्या फेऱ्या मुंबई ते आखात, त्याही हिवाळ्यात. दुपारी सूर्याची उंची मोजायला सेक्स्टंट हे उपकरण घेऊन दक्षिणेकडे तोंड करून उभं राहायची सवय लागलेली. पहिल्यांदाच डर्बनला निघालो आणि मोझांबिकच्या सामुद्रधुनीत मी सवयीने दक्षिणेकडे वळून सूर्य शोधत बसलो. कप्तान मागून म्हणाला, "लेका, तो तुझ्या पाठीवर तापतोय." नंतर कधीतरी हिरोडोटसची ही गोष्ट वाचली, तेव्हा सगळ्यात आधी ती तापलेली पाठच आठवली.

तुमच्या मुलाला डर्बनला न्यायची गरज नाही. मुंबईत मे महिन्याच्या मध्यावर शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर, आणि तेव्हापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्याही किंचित उत्तरेला असतो. मेच्या शेवटच्या दिवसांत, ढग यायच्या आत, गच्चीवर मीटरभर काठी सरळ उभी करा. घड्याळात बारा पस्तीसच्या आसपास सावली पडेल जेमतेम पाच सेंटीमीटर, पण दक्षिणेकडे. मी माझगावच्या आमच्या गच्चीवर हे केलं, तेव्हा वाळवणाला आलेल्या बायकांनी मला वेड्यात काढलं.

मग वळसा सिद्ध झाला का? माझं मत 'बहुतेक गेले असावेत' असं आहे, पण पैज लावणार नाही. कारण इजिप्तच्याही दक्षिणेला, अस्वानच्या खाली, उन्हाळ्यात काही दिवस सूर्य उत्तरेला जातो, आणि तिकडचा कुणी हे सांगू शकला असता. आणि फिनिशियनांचं स्वतःचं म्हणणं? बावीस अक्षरांची लिपी त्यांनी ग्रीकांना दिली, पण त्यांचं पपायरसवरचं, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरचं लिखाण कुजून गेलं. त्यांची गोष्ट आपण ऐकतो ती परक्यांच्या तोंडून.

प्रश्न : फिनिशियनांचा जांभळा रंग एवढा महाग का होता?
— एक वाचक, दादर

उत्तर : कारण तो समुद्री गोगलगायीतून थेंबाथेंबाने काढावा लागे. १९०९ साली फ्रीडलेंडर या रसायनशास्त्रज्ञाने १२,००० गोगलगायी फोडल्या तेव्हा हाती रंग लागला १.४ ग्रॅम. वास असा, की रंगाऱ्यांच्या वाड्या गावाबाहेर बऱ्या. सुकट वाळत घातलेल्या किनाऱ्यावरून नाक दाबून जाणाऱ्यांनी कल्पना करावी. सिडॉनला शिंपल्यांचे ढिगारेच्या ढिगारे सापडले आहेत.

प्रश्न : बायबलमधलं ओफीर म्हणजे आमचं सोपारा, हे खरं का?
— एक वाचक, नालासोपारा

उत्तर : तुमचा हिरमोड करावासा वाटत नाही, पण करतो. टायरचा राजा हिराम याने इस्राएलचा राजा सॉलोमन याला मुरलेले खलाशी दिले आणि त्यांनी तांबड्या समुद्रातून जाऊन ओफीरचं सोनं आणलं, अशी ती कथा आहे. बायबलच्या जुन्या ग्रीक भाषांतरात नाव 'सोफीर'सारखं येतं, म्हणून काहींनी सोपाऱ्याकडे बोट दाखवलं. अरबस्तान आणि पूर्व आफ्रिका हेही दावेदार आहेतच. सोपारा जुनं बंदर खरंच. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप खणला, अशोकाच्या शिलालेखाचे तुकडेही तिथलेच. पण अशोक इ. स. पू. तिसऱ्या शतकातला आणि सॉलोमन दहाव्या. मधल्या सातशे वर्षांचा पूल नुसत्या नावावर बांधता येत नाही. नावावरून गाव ठरवायचं म्हटलं तर महाराष्ट्रात वडगावं किती, मोजा!

ओफीर निव्वळ कल्पनेतलं मात्र नव्हतं. तेल अवीवजवळ एक खापर मिळालंय, इ. स. पू. आठव्या शतकातलं. त्यावर शेकेल या तेव्हाच्या वजनात एवढंच खरडलंय : ओफीरचं सोनं, बेथ-होरोनसाठी, ३० शेकेल.