आईला शुगर-बीपी, आजोबांना विस्मरण झालं होतं. मलाही डिमेन्शिया होणारच का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई ६३ वर्षांची, १५ वर्षांपासून शुगर आणि बीपी, हल्ली तेच तेच विचारते. आजोबा शेवटी घरच्यांनाही ओळखत नव्हते. तुम्ही ३८ चे. तुम्हालाही डिमेन्शिया, म्हणजे स्मरण आणि बुद्धी हळूहळू जाण्याचा आजार, होणारच का, आत्तापासून काय करता येईल, आणि जीनची टेस्ट करावी का?

होणारच असं अजिबात नाही. पण 'म्हातारपणी बघू' म्हणणार असाल तर उशीर होईल. यातलं बरंचसं चाळिशी-पन्नाशीतच घडत असतं, दिसतं ते पंचवीस वर्षांनी.

मी डॉक्टर नाही. सोलापुरात पूर्व भागात माझं औषधाचं दुकान आहे, २२ वर्षं झाली. आणि माझे वडील याच आजारात गेले.

वडील यंत्रमागावर होते, चादरीच्या. एका शेडमध्ये बारा-सोळा माग एकदम चालू. शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानाला तोंड लावायचं, नाहीतर खाणाखुणा. अशी तीस वर्षं काढल्यावर पंचावन्नाव्या वर्षी त्यांचे कान जवळजवळ गेलेच होते. टीव्हीचा आवाज इतका मोठा, की अख्ख्या गल्लीला बातम्या फुकट. आम्ही हसायचो. मग ते संध्याकाळी कट्ट्यावर जाईनासे झाले. विचारलं तर म्हणाले, "तिथं कोण काय बोलतंय कळत न्हाई. नुसतं मान हलवत किती बसायचं?" कानाचं मशीन आणून दिलं, तर शिट्टी वाजते म्हणून कपाटात. पुन्हा नेऊन नीट बसवून घ्यायचं आम्हालाही सुचलं नाही.

बीपी ४८ व्या वर्षी कळलं होतं. गोळी कधी चालू, कधी बंद. डोकं दुखलं की घ्यायचे. मी दिवसभर लोकांना बीपीच्या गोळ्या विकत होतो आणि घरात बापाची गोळी आठवडा-आठवडा बंद असायची.

६६ व्या वर्षी सिद्धेश्वरच्या दर्शनाला गेले आणि परत येताना वाट चुकले. ज्या गावात जन्म गेला तिथे. एका रिक्षावाल्याने घरी आणून सोडलं, तर म्हणाले, "रस्ते बदललेत." स्कॅनमध्ये मेंदूत जागोजागी बारीक, जुने डाग निघाले. लकव्याचे छोटे छोटे झटके येऊन गेले होते आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. शेवटच्या वर्षी नावं गेली, माणसं गेली, पण बोटं मागावरच राहिली. अंगावरच्या चादरीची दशी अंगठा आणि तर्जनीत धरून गाठ मारायचे, तुटलेली तार जोडतात तशी. एक झाली की पुढची दशी.

त्यांना नेमकं कशाने झालं, कान, बीपी की एकटेपणा, हे एका माणसाबद्दल कुणालाच सांगता येणार नाही. लाखो लोकांबद्दल मात्र सांगता येतं. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये टाळता किंवा आटोक्यात आणता येतील अशा १४ गोष्टी मांडल्या. त्यांचा अंदाज असा, की या चौदाही गोष्टी नसत्या तर जगातले सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टळले असते किंवा लांबले असते. याचा अर्थ तुमचा धोका ४५ टक्क्यांनी कमी होईल असा नाही, तो सगळ्या लोकसंख्येचा हिशेब आहे. उरलेलं वय आणि अनुवंश वगैरे, त्यावर आपला इलाज नाही.

त्या चौदात बीपी, शुगर, वजन, सिगारेट, दारू आहेत, हे कुणीही ओळखेल. पण ऐकू न येणं आणि वाईट कोलेस्टेरॉल हे दोघे सगळ्यांत वरच्या वाट्याचे, त्या ४५ पैकी प्रत्येकी ७ टक्के. उपचार न केलेली अधू नजर २०२४ च्या यादीत नव्याने आली. डोक्याला मार लागणं हेही त्यात आहे, म्हणजे सात रस्ता चौकातून बिनहेल्मेटचं जाणं आलंच. विडीबद्दल लिहिताना माझी जीभ जरा अडखळते. आमच्या भागात कितीतरी बायकांनी सूप मांडीवर घेऊन, विड्या वळून लेकरं शिकवली. वळणारीचं पोट त्यावर भरतं, ओढणाऱ्याच्या रक्तवाहिन्या मात्र खराब होतातच.

बीपीचं जरा सविस्तर सांगतो, कारण तिथेच सगळ्यात जास्त ढिलाई दिसते. मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के, पण शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनचा पाचवा हिस्सा तोच खातो. सोलापूरकरांना हे लगेच कळेल: चार-पाच दिवसांनी पाणी सुटतं तेव्हा टाकीजवळच्या घरात जोरात येतं आणि गल्लीच्या टोकाला करंगळीएवढी धार. मेंदूचा आतला पांढरा भाग म्हणजे गल्लीच्या टोकाचं घर. तिथल्या रक्तवाहिन्या केसासारख्या बारीक असतात आणि त्यांना पर्यायी वाट फारशी नसते. वर्षानुवर्षं बीपी जास्त राहिलं की त्या जाड, कडक होतात आणि एकेक बंद पडते. दुखत नाही, खुपत नाही.

आता दुकानातलं. पंचेचाळिशीचा माणूस, शाळेतला मित्रच. स्ट्रिप पुढे करतो. "चार दे."
"महिन्याच्या घे की."
"काय होत नाही बे. परवा मोजलं, नॉर्मल आलंय."
नॉर्मल आलंय ते गोळीमुळे, हे मी त्याला कितीदा सांगितलंय त्याचा हिशेब नाही.

अमेरिकेत ५० वर्षांवरच्या ९,३६१ जणांवर एक मोठा अभ्यास झाला. अर्ध्यांचं वरचं बीपी १४० च्या खाली ठेवायचं ठरलं, अर्ध्यांचं १२० च्या खाली. २०१९ मध्ये आलेल्या निकालात १२० वाल्या गटात विस्मरणाची सुरुवातीची पायरी १९ टक्क्यांनी कमी दिसली. पूर्ण डिमेन्शियाही कमी दिसला, पण तो फरक खात्रीने सांगण्याइतका मोठा नव्हता. आणि त्यात शुगरवाले घेतलेच नव्हते, त्यामुळे हा आकडा वाचून आईची गोळी स्वतः वाढवू नका. तिचा आकडा तिच्या डॉक्टरांनी ठरवायचा.

शुगरने डिमेन्शियाचा धोका साधारण दीडपट होतो. लोक वाढलेल्या शुगरला घाबरतात, घसरलेलीला नाही. उतारवयात शुगर वारंवार फार खाली जाणं मेंदूला वाईटच. ग्लिमेपिराइडसारखी शुगर उतरवणारी गोळी घेऊन एकादशीचा कडक उपास धरणाऱ्या, मग घाम फुटून, हात थरथरत दुकानाच्या पायरीवर बसलेल्या आज्या मी पाहिल्यात. साखर-पाणी पाजलं की दहा मिनिटांत "मी इथं कशी आले?" तुमची आई उपास करत असेल तर गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांना आधी विचारून ठेवा.

आईबद्दल आणखी एक. तेच तेच विचारते म्हणजे डिमेन्शियाच, असं धरून बसू नका. १५ वर्षं शुगर म्हणजे बहुधा मेटफॉर्मिन चालू असणार. ती गोळी वर्षानुवर्षं घेतली की बी-१२ कमी होऊ शकतं, त्यात माणूस शाकाहारी असेल तर बघायलाच नको. बी-१२ कमी झालं की विसरायला होतं. थायरॉइडचा बिघाड, रक्तातलं सोडियम घसरणं, नैराश्य यांनीही होतं. झोपेच्या गोळ्यांनी होतं, आणि सर्दीला म्हणून लोक माझ्याकडून मागून नेतात त्या झापड आणणाऱ्या गोळ्यांनीही. यातलं बरंचसं सुधारतं. म्हणून डॉक्टरांकडे जाताना घरातली प्रत्येक गोळी एका पिशवीत घालून न्या, आयुर्वेदिक आणि शेजारणीने दिलेलीसुद्धा. गोळी बंद करायची तर तेच सांगतील.

आणि आईचे कान तपासून घ्या. तेच तेच विचारणारं माणूस कधी कधी विसरत नसतं, त्याला पहिल्यांदा ऐकूच आलेलं नसतं. कानाच्या मशीनवरही २०२३ मध्ये एक अमेरिकी अभ्यास आला, ७० ते ८४ वयाच्या लोकांचा, तीन वर्षांचा. सगळे मिळून पाहिले तर फरक दिसला नाही. पण ज्यांना हृदयविकाराचा वगैरे धोका आधीच जास्त होता, त्यांच्यात मशीन वापरणाऱ्यांची बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी कमी होती. शुगर-बीपीवाली आई या दुसऱ्या गटाच्या जवळची.

तुमच्यापुरतं: बीपी वर्षातून दोनदा मोजा, पाच मिनिटं शांत बसून, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून. जिना चढून आल्या आल्या मोजलेलं धरू नका. शुगर आणि कोलेस्टेरॉल एकदा तपासा. रोज अर्धा तास झपाझप चाला, कंबर तलावाला दोन चकरा मारून भजी खाण्याचा सोलापुरी प्रकार मात्र नको. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी खुशाल खा. मीठ दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर, त्यात लोणचं, पापड, फरसाण सगळं आलं.

एक गोष्ट आपल्या गावाला फुकट मिळालेली आहे. हैदराबादेत ६४८ रुग्णांचा अभ्यास झाला, २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन भाषा बोलणाऱ्यांना डिमेन्शिया एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा सुमारे साडेचार वर्षं उशिरा झालेला आढळला, आणि हा फरक निरक्षरांतही दिसला. आमच्या गल्लीत घरात तेलुगू, दुकानात मराठी, भाजीवालीशी कानडी असा कारभार असतो. दोनाच्या वर कितीही भाषा आल्या तरी जास्तीचा फायदा त्या अभ्यासात दिसला नाही, पण भांडायला उपयोगी पडतात.

स्मरणशक्तीची टॉनिकं घेऊ नका. मी विकतो, म्हणून सांगतो. त्यांतल्या जिंकोचा, म्हणजे एका झाडाच्या पानांच्या अर्काचा, ३,००० हून जास्त वृद्धांवर वर्षानुवर्षं अभ्यास झाला, २००८ मध्ये निकाल आला: डिमेन्शिया टळला नाही.

जीनची टेस्टही नको. एपीओई-४ हा डिमेन्शियाचा धोका वाढवणारा जीन असला तरी आजार होईलच असं नाही आणि नसला तरी होणार नाही असंही नाही. घरात कुणाला पन्नाशीच्या आसपासच झालं असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा न्यूरॉलॉजिस्टला विचारा. तुमच्या आजोबांना उतारवयात झालं असेल, तर निकाल काहीही आला तरी करायचं हेच आहे. त्या पैशात आधी आईची कानाची तपासणी करा.