‘मुकादम’ या शब्दाचा अर्थ काय आणि तो आला कुठून?

मूळ अरबी ‘मुकद्दम’, म्हणजे पुढे ठेवलेला, अग्रणी. पाऊल या अर्थाचा ‘कदम’ त्याच धातूतला. फारसीच्या वाटेने तो दख्खनच्या सुलतानी कारभारात आला आणि मराठीत रुळला. तेव्हा त्यात जाच नव्हता. शिवकालीन पत्रांतला ‘मोकदम’ म्हणजे गावचा पाटील, मानाचा वतनदार.

मजुरांकडून काम करून घेणारा, हा अर्थ पुढे पक्का झाला. मुंबईच्या कापड गिरण्यांत भरती जॉबरच्या, म्हणजे गिरणीतल्या मुकादमाच्या, हातात असे; बायकांवर नायकीण, म्हणजे बाई मुकादम. नोकरी हवी तर त्यांना दस्तुरी, म्हणजे लाच, द्या.

आज या शब्दाला जो धाक आहे तो मुख्यतः ऊसतोडीतला. मुकादम हंगामाआधी मजुरांना उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’. माणसं मोजायची तीही हत्याराच्या नावाने, हे मला फार टोचतं. मग टनावारी तोडून उचल फेडायची. ताप असो की पाळी, एक दिवस बुडाला की ‘खाडा’, म्हणजे दंड. हिशेबाची वही मुकादमाकडेच. फिटलं नाही तर पुढच्या हंगामालाही त्याच्याच टोळीत. बीडमधल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढल्याचं प्रकरण २०१९ साली गाजलं, त्यामागे या खाड्याची भीती हेही एक कारण होतं.

सगळेच मुकादम क्रूर नसतात. अनेकजण त्याच गावचे, पूर्वी स्वतः कोयता धरलेले असतात. मजूर पळाले तर उचलीचे पैसे त्यांच्याच अंगावर येतात, आणि तो ताण शेवटी फडातल्या माणसावर निघतो.