वाचकांचे प्रश्न : परत येण्यापूर्वीचे आठ महिने

प्रश्न : आमचे मूळ घर फोंड्याला. पतीच्या नोकरीमुळे गेली काही वर्षे आम्ही लिस्बनमध्ये राहतो. येत्या जूनअखेर त्यांचा करार संपतो आणि सासू-सासऱ्यांच्या वयाचा विचार करून आम्ही कायमचे गोव्यात परतायचे ठरवले आहे. मुलगा नऊ वर्षांचा आहे व पोर्तुगीज सहज बोलतो. मला मात्र दुकानापुरतीच येते. नातेवाईक म्हणतात, युरोपात पुन्हा जाणे होणार नाही, तेव्हा पॅरिस, रोम, स्वित्झर्लंड सगळे पाहून घ्या. तसे केले तर साठवलेल्या पैशांतला बराच भाग संपेल. न केले तर जन्मभर चुटपुट लागेल, असे वाटते. खरे तर घर, शाळा आणि बाजारहाट यांतच दिवस गेले, लिस्बनही नीट पाहिलेले नाही. उरलेले आठ महिने कसे वापरावेत?
— एक वाचक भगिनी, लिस्बन

उत्तर : तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिले आहे. लिस्बन नीट पाहिलेले नाही, ही खरी चुटपुट आहे आणि ती दूर करणे अजून तुमच्या हातात आहे. पॅरिस किंवा रोम पाहायला पर्यटक म्हणून पाच वर्षांनीही गोव्यातून जाता येईल, आणि तेव्हा जे दिसेल त्यात आजच्यापेक्षा फारसे कमी नसेल. रहिवासी म्हणून मिळालेले लिस्बन मात्र निवासपत्राची मुदत संपली की संपते. नंतर पैसे खर्चूनही ते विकत घेता येत नाही. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की पोर्तुगालबाहेरचा एखादाच प्रवास मुलाच्या आवडीने ठरवावा आणि बाकी सर्व सुट्ट्या त्या देशाला द्याव्यात.

रहिवाशाला मिळणाऱ्या काही सवलती तुमच्याकडे आजही असतील, पण वापरल्या गेल्या नसतील. ऑगस्ट २०२४ पासून पोर्तुगालमध्ये राहणाऱ्यांना राष्ट्रीय संग्रहालये, स्मारके आणि राजवाडे यांत वर्षाला ५२ दिवस विनामूल्य प्रवेश मिळतो. वास्तव्याचा पुरावा तेवढा दाखवावा लागतो. तसेच महानगराचा चाळीस युरोंचा ‘नावेगांत’ मासिक पास तुम्ही नोकरी-शाळेसाठी काढत असाल, तर त्याच पासावर सिंत्रा, माफ्रा, कास्काइश, सेतूबाल, सेझिंब्रा येथपर्यंत आणि तेजू नदी ओलांडून पलीकडेही जाता येते. फुकट प्रवेश असला की संग्रहालय एका दिवसात संपवण्याची घाई राहत नाही. शनिवारी सकाळी तासभर जावे, दोनच दालने पाहावीत आणि परत यावे. प्राचीन कलेच्या राष्ट्रीय संग्रहालयात आपल्याकडच्या कारागिरांनी पोर्तुगीज गिऱ्हाइकांसाठी घडवलेले हस्तिदंती व लाकडी जडावकाम आहे. ते पाहताना मुलाला जुन्या गोव्यातल्या चर्चमधील कोरीवकामाची आठवण करून द्या. लिस्बनच्या बेलें भागातील जेरोनिमुश मठात वास्को द गामा आणि कवी कामोंइश या दोघांच्या समाध्या आहेत. याच कामोंइशच्या महाकाव्यातील प्रसंग पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात निळ्या चित्रफरशांवर रंगवलेले आहेत. परतल्यावर मुलाला तेथे अवश्य न्या. दोन्ही ठिकाणे पाहिलेला मुलगा इतिहासाच्या तासाला वेगळे प्रश्न विचारील.

परंतु फोंडा तालुक्यातून गेलेल्या कुटुंबाने संग्रहालयांच्याही आधी पाहाव्यात अशा काही जागा आहेत, आणि त्या कोणत्याही सहल कंपनीच्या यादीत नसतात. तुमच्या शेजारच्या सावई-वेरें गावात मराठी शिकवायला आलेले आणि गोवामुक्तीच्या लढ्यात उतरलेले मोहन रानडे १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावरील हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला, पण रानडे पोर्तुगालमध्ये तुरुंगातच होते. त्यांची सुटका जानेवारी १९६९ मध्ये झाली. ज्या काशियशच्या किल्ल्यात त्यांना ठेवले होते, ते ठिकाण लिस्बनहून कास्काइशला जाणाऱ्या समुद्रकाठच्या रेल्वेमार्गावर आहे. तेथे आजही तुरुंग असल्याने आत जाऊन पाहता येणार नाही, तरीही त्या स्थानकावर उतरून मुलाला हे नाव आणि ही हकीकत सांगावी असे मला कळकळीने वाटते.

लिस्बनच्या उत्तरेला सुमारे शंभर किलोमीटरवर असलेल्या पेनिशच्या किल्ल्यात मात्र आत जाता येते. पोर्तुगीज राजवटीविरुद्धच्या १९४६ च्या चळवळीनंतर टी. बी. कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर, डॉ. राम हेगडे, लक्ष्मीकांत भेंब्रे अशा गोमंतकीय नेत्यांना शिक्षा देऊन याच किल्ल्यात पाठवले होते. हुकूमशहा सालाझारच्या राजवटीचे पोर्तुगीज विरोधकही तेथेच कैदेत असत. एप्रिल २०२४ पासून त्या जागेत प्रतिकार आणि स्वातंत्र्य यांचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. अटलांटिकच्या लाटा ज्या तटावर आदळतात तो तट पाहिल्यावर, मांडवीकाठच्या माणसाला तेथे वर्षे काढावी लागली म्हणजे काय, याची कल्पना पाठ्यपुस्तकातील दोन ओळींपेक्षा निश्चित अधिक येते. तेथे घाईने जाऊ नका. अख्खा दिवस द्या.

यालाच जोडून २५ एप्रिलचा दिवस राखून ठेवा. १९७४ मध्ये त्या दिवशी लिस्बनमधील हुकूमशाही कोसळली. त्यानंतर त्याच वर्षी ३१ डिसेंबरला पोर्तुगालने करार करून गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. दरवर्षी त्या दिवशी आवेनिदा द लिबेरदाद या लिस्बनमधील हमरस्त्यावर लोक लाल कार्नेशनची फुले घेऊन मिरवणुकीने निघतात. इतकी वर्षे ती मिरवणूक तुम्ही खिडकीतून किंवा दूरदर्शनवर पाहिली असेल, तर या वेळी शेजाऱ्यांबरोबर चालत जा. त्यांच्या आणि आपल्या इतिहासाचा हा दिवस एक आहे, हे त्यांच्यापैकी अनेकांच्या लक्षात नसते; ते सांगण्याचा अधिकार तुम्हाला आहे.

आपल्या गावाविषयी, गावकारीविषयी (गावच्या सामाईक जमिनींच्या जुन्या कारभाराविषयी) किंवा जुन्या जमिनींविषयी घरात कोणाला आस्था असेल, तर हिवाळ्यातील काही दिवस लिस्बनच्या दप्तरखान्यांसाठी काढा. तोर्रे दो तोंबो या राष्ट्रीय अभिलेखागारात आणि आल्कांतरा भागातील सागरपार अभिलेखागारात गोव्याच्या कारभाराची असंख्य कागदपत्रे आहेत. पावसाळी वाऱ्यांवर ये-जा करणाऱ्या जहाजांतून गोवा आणि लिस्बन यांच्यात झालेल्या पत्रव्यवहाराचे काही खंड पणजीच्या अभिलेखागारात आहेत, तर काही अठराव्या शतकात लिस्बनला नेले गेले. बरेच कागद आता संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतात, त्यामुळे नुसती छायाचित्रे गोळा करण्यात वेळ घालवू नका. गोव्यात बसून जे मिळणार नाही, ते म्हणजे तेथील जाणकार कर्मचाऱ्यांचे मार्गदर्शन. गावाचे जुन्या पोर्तुगीज स्पेलिंगमधील नाव, तालुका आणि अंदाजे काळ लिहून न्या आणि कोणत्या संग्रहात पाहावे, एवढे त्यांच्याकडून समजून घ्या. मराठीची ओढ असेल, तर उत्तरेकडील ब्रागा शहराचीही नोंद ठेवा; रामायण-महाभारतातील कथांची रोमन लिपीत उतरवून घेतलेली जुनी मराठी आणि कोकणी हस्तलिखिते तेथील सार्वजनिक ग्रंथालयात जपलेली आहेत.

आता माणसांविषयी, कारण पत्रातून तुमचा एकटेपणा जाणवतो. जाणार असल्याचे शेजाऱ्यांना, मुलाच्या वर्गमित्रांच्या आई-वडिलांना आणि रोजच्या दुकानदाराला आत्ताच सांगा. जाण्याची तारीख कळली की लोक अधिक मोकळेपणाने बोलू लागतात. ‘कधीतरी या’ म्हणणारे ‘पुढच्या रविवारी या’ म्हणू लागतात. चतुर्थीचे मोदक किंवा दिवाळीचे पोहे आजवर आपल्याच माणसांत वाटले असतील, तर संक्रांतीचा तिळगूळ तरी वरच्या मजल्यावरच्या आजींना द्या आणि त्यांच्याकडून नाताळचा एखादा पदार्थ त्यांच्याच स्वयंपाकघरात उभे राहून शिकून घ्या. लिस्बनमध्ये गोव्याहून थेट आलेली, तशीच गोव्यातून मोझांबिकला जाऊन तो देश १९७५ मध्ये स्वतंत्र झाल्यावर पोर्तुगालला गेलेली कितीतरी वृद्ध मंडळी आहेत. ‘काझा द गोवा’ या संस्थेच्या कार्यक्रमांत अशी माणसे भेटतात. त्यांची परवानगी घेऊन त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून आणल्या, तर ते काम तुमच्या कुटुंबापलीकडेही उपयोगी पडेल. ही मंडळी आणखी दहा वर्षे आपली वाट पाहत थांबणार नाहीत.

भाषेसाठी आठ महिने पुरेसे आहेत. परदेशी रहिवाशांसाठीच्या सरकारी विनामूल्य वर्गांची चौकशी करा आणि लिस्बन विद्यापीठाच्या केंद्रामार्फत होणारी प्राथमिक पातळीची ‘सिप्ल’ परीक्षा मार्च-एप्रिलच्या सुमारास देण्याचे ध्येय ठेवा. तारखा आणि नोंदणी वेळेत पाहावी लागेल. परीक्षेपेक्षाही तिच्या निमित्ताने होणारा रोजचा सराव मोलाचा आहे. मुलाची भाषा मात्र परतल्यावर फार लवकर विसरली जाईल, हे गृहीत धरा. बोलता येणारी पण वाचता-लिहिता न येणारी भाषा मुलांच्या तोंडून वर्ष-दोन वर्षांत जाते. म्हणून खेळण्यांऐवजी त्याच्या आवडीची पोर्तुगीज पुस्तके आणा आणि एखाद्या मित्राशी आठवड्यातून एकदा दूरध्वनीवर बोलण्याची सवय निघण्यापूर्वीच लावा. गोव्यात काही शाळांत पोर्तुगीज शिकवली जाते आणि पणजीतही तिचे वर्ग चालतात, तेव्हा ती टिकवणे अशक्य नाही.

कागदपत्रे कंटाळवाणी असली, तरी ती लिस्बनमध्ये एका दिवसात होतात आणि फोंड्याहून करायची म्हटली तर महिने खातात. मुलाच्या शाळेचे प्रमाणपत्र व गुणपत्रके, पोलिसांकडील नोंदीचा दाखला, तेथे जन्म किंवा विवाहाची नोंद झाली असल्यास तिची प्रत, हे सर्व घेऊन त्यांवर अपोस्तील, म्हणजे हेग करारानुसार परदेशात ग्राह्य धरले जाणारे सरकारी प्रमाणन, करून घ्या. भारत आणि पोर्तुगाल दोघेही त्या कराराचे सदस्य असल्याने पुढे वकिलातीच्या साक्षांकनाची गरज राहत नाही. पतीने तेथे सामाजिक सुरक्षेचे हप्ते भरले असतील, तर त्यांचा संपूर्ण उतारा घ्या. भारत-पोर्तुगाल सामाजिक सुरक्षा करार मे २०१७ पासून लागू आहे आणि निवृत्तीच्या वेळी हा कालावधी मोजला जाऊ शकतो. लसीकरणाची नोंद आरोग्य केंद्रातून, आणि भाडेकरार संपवण्याची सूचना लेखी, पोच घेऊन. कर कार्यालयात बदललेला पत्ता कळवायला विसरू नका.

जूनमध्ये १२ तारखेच्या रात्री लिस्बनच्या गल्ल्यांत सांत आंतोनियोचा उत्सव असतो आणि २३ च्या रात्री पोर्तोमध्ये सांजांव, म्हणजे सेंट जॉनचा सण. तोवर सामानाची बांधाबांध आटोपलेली असू द्या.

*

प्रश्न : मी साखळीचा. मस्कतमध्ये एकटाच राहतो. कुटुंब गावीच आहे. मार्चमध्ये कायमचा परत येत आहे. शुक्रवार-शनिवारच्या सुट्ट्या आजवर झोपेत आणि कपडे धुण्यात गेल्या. आता खर्च न करता काय पाहावे?
— एक वाचक

उत्तर : तुमच्या भागात कुळागरे, म्हणजे पाटाच्या पाण्यावरच्या सुपारी-नारळाच्या बागा, आहेत, म्हणून सर्वप्रथम निझवाच्या बाजूला जाऊन तेथील ‘फलज’ पाहा. डोंगरातले पाणी उताराने, पंपाशिवाय, मैलोगणती वाहत आणून खजुराच्या बागांना वाटून देण्याची ही पद्धत आहे. अशा पाच फलजांना २००६ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. बागाईतदारांत पाण्याची पाळी वेळेवर ठरते, आणि ती वेळ पूर्वी दिवसा सावलीच्या घड्याळावर व रात्री ताऱ्यांवरून मोजत. पाटाच्या पाण्यावरून वाद झालेले ज्याने पाहिले आहेत, त्याला तेथे विचारण्यासारखे पुष्कळ असेल. बर्कत अल मौज गावात तर केळीच्या बागांतून हे पाणी खेळते. शुक्रवारी सकाळी निझवाला गुरांचा बाजार भरतो, तो त्याच फेरीत पाहून होईल. चार सहकाऱ्यांनी मिळून गाडी केली, तर खर्चही आवाक्यात राहील.

मस्कतच्या बंदरावरचे जलाली आणि मिराणी हे दोन किल्ले पोर्तुगीजांनी १५८० च्या दशकात उभारले. पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने गोवा जिंकण्याच्या तीन वर्षे आधी, १५०७ मध्ये, मस्कतवर हल्ला केला होता. ओमानी लोकांनी १६५० मध्ये पोर्तुगीजांना तेथून घालवले. आपल्याला त्यासाठी १९६१ उजाडावे लागले. संध्याकाळी मुत्रहच्या किनाऱ्यावरून चालत गेले की किल्ले बाहेरून पाहता येतात आणि पैसे लागत नाहीत.

सेवासमाप्तीची रक्कम किती, ती कधी व कोणत्या खात्यात येणार, याचा लेखी हिशेब मालकाकडून तिकीट काढण्यापूर्वी घ्या, आणि तेथील बँक खाते ती जमा झाल्यानंतरच बंद करा. परतल्यावर अनिवासी खाते निवासी करून घेणे बंधनकारक आहे. प्राप्तिकरासाठी मागील सात वर्षांत भारतात राहिलेले दिवस ७२९ किंवा त्याहून कमी असतील, तर काही काळ परदेशी उत्पन्नावर सवलत मिळू शकते. म्हणून पारपत्रावरील सर्व शिक्क्यांच्या प्रती काढून त्या साखळीतल्या किंवा डिचोलीतल्या सनदी लेखापालाला दाखवा.