ब्रिज हलतोय? आधी स्क्रू बघ

दाताच्या इम्प्लांटवरचा (जबड्याच्या हाडात बसवलेल्या कृत्रिम मुळावरचा) ब्रिज, म्हणजे एकमेकांना जोडलेले नकली दात, हलतोय म्हणून पेशंट आला, की लगेच 'इम्प्लांट गेलं' असं सांगून त्याला घाबरवू नकोस. बहुतेक वेळा आतला स्क्रूच ढिला झालेला असतो. एक्स-रे काढ, पण किरण इम्प्लांटला काटकोनात हवेत. तिरक्या फिल्ममध्ये ब्रिज आणि इम्प्लांटच्या जोडातली फट लपते. ब्रिज दाबल्यावर कडेने लाळेचे बुडबुडे आले, तर समज, जोड सुटलाय.

जुना स्क्रू परत पिळू नकोस, नवा घाल. टॉर्क (पिळण्याचा जोर) कंपनीच्या तक्त्याप्रमाणे. अबटमेंटला (इम्प्लांट आणि ब्रिजमधल्या जोडतुकड्याला) बऱ्याच सिस्टिममध्ये ३०-३५ न्यूटन सेंटिमीटर. १० मिनिटं थांबून पुन्हा तेवढाच दे, कारण आटे बसतात तसा ताण थोडा उतरतो. मग स्क्रूच्या भोकात टेफ्लॉन टेप, वर कंपोझिट (दात भरायचा मसाला). (कापूस भरलेलं भोक सहा महिन्यांनी उघडून बघ, वास विसरणार नाहीस.)

स्क्रू तुटलाच तर आधी ड्रिल उचलू नकोस. प्रोबच्या (दात तपासायच्या अणकुचीदार हत्याराच्या) टोकाने तुकडा हळूहळू उलटा फिरव. आतले आटे खराब झाले तर इम्प्लांटच वाया.

आणि तोच स्क्रू तिसऱ्यांदा सुटला, तर स्क्रूला दोष देऊ नकोस. एकाच टोकाचा स्क्रू आवळून दुसऱ्या टोकाला ब्रिज उचलला जातो का बघ. चावा तपास. रात्री दात खातात का, ते घरच्यांना विचार. पेशंट स्वतः कधीच कबूल करत नाही.