बर्गर खायला कोथरूड ते कोरेगाव पार्क

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही पाच जण कॉलेजपासूनचे, सगळे कोथरूड-कर्वेनगरवाले. एकाने ग्रुपवर रील टाकलं, कोरेगाव पार्कात नवीन बर्गरवाला आहे, जायलाच पाहिजे. शनिवारी संध्याकाळी चौघं दोन गाड्यांवर आणि एक जण रिक्षाने मागून (तो नेहमीच मागून) असे निघालो, सव्वा तास ट्रॅफिक, मग ४० मिनिटं वेटिंग, आणि बर्गर आला तर तिसऱ्या घासाला खालचा पाव लगदा, पॅटी एकीकडे, सॉस मनगटापर्यंत. खाण्याचे २४०० झाले, त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज, मॅनेजर म्हणे कंपल्सरी आहे. आमच्यातला एक व्हेज, त्याने फक्त २६० चा पनीरवाला खाल्ला पण बिल पाचांत सारखं वाटलं, तेव्हापासून तो ग्रुपवर गप्प आहे. मेनूत बीफही होतं, ते महाराष्ट्रात चालतं कसं? आणि येताना वाद झाला तो वेगळाच, कॅम्पातलं बर्गर किंग ही अमेरिकेची कॉपी का? – बिल भरणारा

उत्तर : आधी पाव. खरं सांग, बर्गर टेबलावर आल्यापासून पहिला घास घेईपर्यंत किती वेळ गेला? रील बघून गेलेली मंडळी म्हणजे पाचही बर्गर मधोमध मांडणार, एक जण खुर्चीवर चढणार, "थांब थांब, फ्राईज पुढे घे" होणार, यात दहा मिनिटं सहज जातात आणि तेवढ्यात गरम पॅटीतली वाफ आणि रस खाली उतरतो. आता यात किचनचीही चूक आहेच. पावाची कापलेली बाजू बटर लावून तव्यावर चांगली तांबूस होईस्तोवर भाजली की वर एक कडक थर धरतो, तो रस बराच वेळ अडवतो. ती नुसती कोमट करून दिली की झालाच लगदा. आपला वडापाववाला सुकी चटणी उगाच नाही घालत! मी एकदा असाच बर्गर हौसेने पार्सल घेतला होता, नळ स्टॉपपर्यंत कागद इतका तेलकट झाला की आतलं सगळं आरपार दिसत होतं, घरी येऊन चमच्याने खाल्ला.

बीफचं म्हणशील तर इथल्या मेनूत लिहिलेलं बीफ म्हणजे म्हशीचं, काही ठिकाणी बफ असं स्पष्ट लिहितात. २०१५ पासून आपल्याकडे गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीलाही बंदी आहे, म्हैस त्यात येत नाही. या मांसात चरबी कमी असते, खिम्यात वेगळी चरबी नाही मिसळली तर पॅटी कोरडी होते आणि भुगा पडतो. तुमची पॅटी एकीकडे गेली ती कुठली होती ते तू लिहिलं नाहीस.

आता पैसे, कारण तुझं खरं दुखणं तिथे आहे. २४०० वर सर्व्हिस चार्ज २४०, मग त्या २६४० वर ५ टक्के जीएसटी १३२, एकूण २७७२. सर्व्हिस चार्ज नसता तर २५२०. म्हणजे २५२ रुपये जास्तीचे गेले. मॅनेजर म्हणाला ते चूक, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय की हा चार्ज बिलात आपोआप लावायचा नाही आणि सक्ती तर अजिबात करायची नाही, मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानेही ते उचलून धरलं. शांतपणे "काढून द्या" म्हणायचं, भांडण करायची गरज नसते. नाहीच ऐकलं तर बिल जपून ठेवायचं आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करायची. जीएसटी मात्र द्यावाच लागतो, त्यावर हुज्जत नको.

तुझ्या व्हेज मित्राने ५५४ भरले आणि खाल्ले सगळे टॅक्स धरून ३०० चे. वर तुम्ही चौघं एकमेकांच्या बर्गरचे घास घेत असणार आणि तो आपला पनीर चघळत बसलेला. अरे, त्याला अडीचशे जीपे कर, आजच. "हिशोब चुकला होता" एवढंच लिही, लांबलचक सॉरी नको, नाहीतर बिचाऱ्याला उगाच "अरे चालतंय रे" म्हणावं लागतं.

कॅम्पातल्या बर्गर किंगवर तुमच्यातला जो "कॉपी" म्हणाला तो हरला असं मी धरते. पुण्याचं हे नाव १९९२ च्या सुमाराचं, अमेरिकन कंपनीने भारतात पहिलं दुकान उघडलं २०१४ ला, दिल्लीत. कंपनीने २०११ मध्ये नावावरून दावा लावला, २०२४ मध्ये पुण्याच्या कोर्टाने तो फेटाळला, मग कंपनी अपिलात मुंबई हायकोर्टात गेली, म्हणजे कोर्टातलं भांडण काही तिथे थांबलं नाही. पण इथे आधी कोण आलं हे तारखाच सांगतात ना.

पुन्हा जाणार असाल तर गाड्या घरीच ठेवा आणि वनाजहून मेट्रोने बंड गार्डनला उतरा, पुढे रिक्षा. शनिवारच्या ट्रॅफिकमध्ये सव्वा तास क्लच दाबून कोणाला भूक राहते? आणि तो मागून येणारा आहे ना, त्याला या वेळी तासभर आधी पाठवा, वेटिंगला नाव लावायला.