बोटॅनिकल गार्डन उभं करायचंय ना, मग आधी माळ्यांच्या पगाराचं बघ

अनेक आशीर्वाद.

तुझं प्रपोजल मिळालं, सगळं वाचलं. सिंधुदुर्गात लोकांसाठी ट्रॉपिकल बोटॅनिकल गार्डन व्हावं हे मला मनापासून पटतं आणि तुझ्या वयाच्या मुलीने ते मनावर घेतलंय याचा खूप आनंद आहे, म्हणूनच जरा स्पष्ट लिहितोय, राग मानू नकोस.

पहिल्या पानावर तू पर्यटन, रोजगार, सेल्फी पॉइंट, काचेचं ग्रीनहाऊस सगळं लिहिलंयस, पण हे गार्डन झालं नाही तर नेमकं काय बिघडणार ते कुठेच नाहीये. पैसे देणारा माणूस हेच विचारतो, की बाग तर नगरपालिकेचीही असते, मग ही वेगळी कशाला? याचं उत्तर तुझ्या परसात आहे. फणसाच्या आठळ्या उन्हात कडकडीत वाळवून वर्षभर ठेव आणि मग पेरून बघ, उगवणार नाहीत. भात-नाचणीचं बी वाळवून थंडीत ठेवलं की वर्षानुवर्षं टिकतं, पण आंबा, फणस, रातांबा (कोकम), रानजायफळ, आपल्या पावसाळी जंगलातली अशी कितीतरी झाडं आहेत ज्यांचं बी सुकलं की मेलं. म्हणजे सीड बँकेच्या फ्रीजरमध्ये ठेवायची सोयच नाही, जात वाचवायची तर झाड जमिनीत जिवंत ठेवावं लागतं आणि पिढ्यान्‌पिढ्या कोणीतरी त्याच्याकडे बघावं लागतं. दोडामार्गातलं हेवाळे-बांबर्डेचं रानजायफळाचं दलदलीतलं जंगल आता जैवविविधता वारसा स्थळ आहे, पण केवढासा तुकडा तो! अशा झाडांचे वंशज दुसरीकडे कुठेतरी सांभाळलेले हवेत. हे पहिल्या पानावर लिही, सेल्फी पॉइंट काढून टाक.

मग झाडांची यादी. त्यात अर्धी झाडं अ‍ॅमेझॉनची दिसतायत. केरळात पालोडला जे ट्रॉपिकल गार्डन आहे (1979 पासून, राज्य सरकारने उभं केलेलं, जरूर जाऊन ये) तिथे नैऋत्य आणि ईशान्य दोन्ही पाऊस मिळतात, आपल्याकडे चार महिने कोसळतो आणि नंतर जूनपर्यंत जांभा नुसता तापतो. बारमाही ओलावा लागणारी झाडं जगवायला एप्रिल-मेमध्ये टँकर आणणार का? त्यापेक्षा सह्याद्रीचीच झाडं घे. आणि नर्सरीतून विकत आणलेलं, कुठलं ते माहीत नसलेलं रोप संग्रहात घेऊ नकोस. रातांबा लावलास तर कुठल्या गावातल्या कुठल्या झाडाचं बी, कोणी आणलं, कोणत्या तारखेला, हे रजिस्टरमध्ये लिहायचं, त्याला नंबर द्यायचा आणि तोच नंबर अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर ठोकून झाडाला लावायचा. नोंद नसेल तर ती नुसती बाग, मग कितीही सुंदर असू दे. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या लीड बोटॅनिकल गार्डनमध्ये कंदीलपुष्पांच्या दुर्मिळ जाती जपल्यात, तिथे गेलीस की फुलं बघच पण नोंदी कशा ठेवतात तेही विचारून घे.

जागेबद्दल थोडक्यात. सातबारावर किती सहहिस्सेदार आहेत आणि खासगी वनाचा शेरा आहे का ते वकिलाकडून तपासून घेतल्याशिवाय कोणाला शब्द देऊ नकोस. ग्रामसभेचा ठराव आधी, पोस्टर नंतर. आणि तू तो सडा, म्हणजे जांभ्या कातळाचं उघडं पठार, 'पडीक' म्हणून दाखवलायस, ते अजिबात करू नकोस, पावसात त्या कातळावर जे फुलतं त्यातलं बरंचसं दुसरीकडे कुठे फुलत नाही, तिथे खड्डे मारून झाडं लावणं म्हणजे एक वाचवायला जाऊन दुसरं मारणं.

आता पैसा, आणि इथेच माझा खरा जीव अडकलाय. तुझ्या बजेटमध्ये ग्रीनहाऊसला कोट्यवधी आणि देखभालीला एक ओळ! बांधकामाला पैसे मिळतात गं, उद्घाटनाची पाटी लागते ना. दहाव्या वर्षी माळ्याचा पगार द्यायला कोणी येत नाही. तू सगळी भिस्त सीएसआरवर, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक कामाच्या निधीवर ठेवलीयस. 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या 2 टक्के द्यावे लागतात आणि झाडं वाचवणं त्यात बसतं हे बरोबर, पण 2021 पासून सीएसआरचा पैसा संस्थेच्या कॉर्पसमध्ये (मुद्दल न मोडता नुसतं व्याज वापरायचं त्या कायम निधीत) घेता येत नाही, आणि अनेक वर्षं चालणारा प्रकल्प धरला तरी सुरुवातीचं वर्ष सोडून पुढची तीनच वर्षं पैसा मिळतो, बस. शिवाय आयकराच्या 12ए आणि 80जी नोंदण्या, सीएसआरचा पैसा घेण्यासाठीची सीएसआर-1 नोंदणी आणि ट्रस्टने तीन वर्षं असंच काम केल्याचा पुरावा लागतो. तेव्हा ट्रस्ट आत्ताच नोंदव आणि शाळेच्या आवारात छोटी रोपवाटिका चालू कर, काम दिसायला लागेल.

सीएसआरमधून कुंपण, पाण्याची टाकी, रोपवाटिका माग. कॉर्पस माणसांकडून उभा कर. साधा हिशेब बघ, सहा माळी, महिना 18,000, वर्षाचे झाले 13 लाखांच्या आसपास, साडेसहा टक्के व्याज धरलं तर 2 कोटी बाजूला हवेत, आणि पगार दरवर्षी वाढणार म्हणून त्याहून जास्तच. आकडा मोठा वाटेल पण मुंबईतले चाकरमानी गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराला किती देतात ते तू बघितलंयस. हवाईच्या ट्रॉपिकल गार्डनला 1964 मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने सनद दिली, पण पैसा मात्र मुख्यतः खासगी देणगीदारांचा. सरकारची मान्यता आणि लोकांचा पैसा, ही जोडी मला आपल्याकडे सगळ्यात टिकाऊ वाटते.

तिकीट सरसकट लावू नकोस. सिंगापूरचं 1859 पासूनचं गार्डन आजही सगळ्यांना फुकट आहे, फक्त आतल्या ऑर्किड गार्डनला पैसे पडतात. गावातली बाई संध्याकाळी नातवाला घेऊन सहज आत येऊ शकली पाहिजे, मग ती बाग पब्लिकची.

बजेटचं पान नव्याने करून पाठव, देखभालीचा खर्च सगळ्यात वर ठेव, ट्रस्टच्या घटनेचा मसुदाही जोड, माझ्या ओळखीच्या वकिलांना दाखवून घेतो. आणि मेमध्ये रातांबे पिकले की बी गोळा करायला लाग, पण ते वाळायच्या आत पेर.