मखराच्या पट्टीसाठी मॉसफेट

अरे, नौपाड्यातल्या घरच्या मखराला १२ व्होल्टची एलईडी पट्टी लावून ती ईएसपी३२ या प्रोग्राम करता येणाऱ्या बोर्डाने चालू-बंद करायची तर बीसी५४७ हा छोटा ट्रान्झिस्टर विसर. तो १०० मिलिअँपिअरचा. तुझी पट्टी २ अँपिअर खाणार. मॉसफेट, म्हणजे व्होल्टेजने चालणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, घे. पण आयआरएफझेड४४एन सहज मिळतो म्हणून तोही उचलू नकोस, त्याच्या गेटला (स्विच उघडणाऱ्या पायाला) १० व्होल्ट लागतात. डेटाशीटमधला थ्रेशोल्ड (मॉसफेट जेमतेम उघडू लागतो ते गेटचं व्होल्टेज) बघून नवीन मुलं हमखास फसतात: त्या व्होल्टेजला जेमतेम २५० मायक्रोअँपिअर वाहतो, मॉसफेट पूर्ण उघडत नाही आणि तापतो. ईएसपी३२ देतो ३.३ व्होल्ट, म्हणून ज्याचा उघडा असतानाचा रोध गेटच्या २.५ व्होल्टलाच नोंदवलाय तो एओ३४०० मॉसफेट घे. चिमुकला आहे, सोल्डर जपून कर. गेट ते ग्राउंड १० किलोओहमचा रेझिस्टर लावच, नाहीतर बोर्ड सुरू होताना पट्टी भलतीच पेटते. पट्टी आणि बोर्ड, दोन्हींच्या सप्लायचे ग्राउंड एकत्र जोड.